राज्यसंघ की संघराज्य? अमेरिकेच्या पहिल्या व्यवस्थेसाठी योग्य शब्द

प्रश्न : अमेरिकेच्या इतिहासाविषयी मराठीत लिहिताना १७८१ ते १७८९ या काळातील व्यवस्थेला कोणी ‘राज्यसंघ’ म्हणतात, कोणी ‘संघराज्य’, तर कोणी ‘महासंघ’. हे शब्द एकमेकांऐवजी वापरता येतील का?

उत्तर : पहिल्या दोन शब्दांची अदलाबदल मुळीच करू नये, असे माझे मत आहे. दोन्ही समासांत उत्तरपद प्रधान आहे. त्यामुळे ‘राज्यसंघ’ हा राज्यांनी मिळून केलेला संघ ठरतो, तर ‘संघराज्य’ हे स्वतःच एक राज्य ठरते. खंडीय काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेने, १५ नोव्हेंबर १७७७ रोजी स्वीकारलेला आणि मेरीलँडने सर्वांत शेवटी मान्यता दिल्यावर १ मार्च १७८१ रोजी अमलात आलेला ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ हा करारनामा पाहिला, तर तो यांपैकी पहिल्या अर्थाचाच आहे. प्रत्येक राज्य आपले सार्वभौमत्व राखून आहे आणि जे अधिकार स्पष्ट शब्दांत काँग्रेसकडे सोपवलेले नाहीत ते सर्व राज्यांकडेच राहतील, असे त्याचे दुसरे कलम सांगते. तिसरे कलम तर या बंधनाला राज्यांमधील दृढ सख्य एवढेच म्हणते.

युद्ध आणि तह, राजदूतांच्या नेमणुका, नाण्यांचे मूल्य, वजनेमापे आणि राज्याराज्यांमधील टपाल हे विषय काँग्रेसकडे होते. पण कर बसवण्याचा अधिकार तिला नव्हता आणि राज्यांच्या आपसांतील व्यापारावर नियंत्रणही नव्हते. खर्चासाठी ती जमिनीच्या मूल्याच्या प्रमाणात राज्यांकडे रकमांची मागणी करी. त्या रकमा वसूल करण्याचे काम राज्यांच्या विधिमंडळांचे असल्यामुळे मागणी पूर्ण होणे त्यांच्या इच्छेवर अवलंबून राही. आयात मालावर ५ टक्के जकात बसवण्याची मुभा काँग्रेसने १७८१ मध्ये मागितली, तेव्हा करारनाम्यातील दुरुस्तीला सर्व १३ राज्यांची संमती लागत असल्याने एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने तो प्रस्ताव बारगळला. जिथे एका लहान राज्याला सर्वांची तिजोरी रिकामी ठेवता येते, तिथे ‘संघराज्य’ हा शब्द वाचकाची दिशाभूल करतो.

पूरक प्रश्न : मग या काळातील काँग्रेसला ‘केंद्र सरकार’ म्हणावे का?

उत्तर : म्हणू नये, ‘काँग्रेस’ हाच शब्द ठेवावा. आज ‘केंद्र सरकार’ म्हटले की मंत्रिमंडळ, करयंत्रणा आणि थेट नागरिकांवर चालणारा कायदा डोळ्यांपुढे येतो. त्या काँग्रेसपाशी स्वतंत्र कार्यकारी प्रमुख नव्हता. प्रतिनिधी राज्यांनी पाठवलेले असत, राज्ये त्यांना केव्हाही परत बोलावू शकत, आणि व्हर्जिनियासारख्या मोठ्या राज्याला जेवढे एक मत तेवढेच डेलावेअरलाही असे. युद्ध, तह किंवा कर्ज यांसाठी नऊ राज्यांची संमती लागे. ब्रिटनशी १७८३ मध्ये झालेल्या पॅरिसच्या तहात तर ब्रिटिशनिष्ठांची जप्त मालमत्ता परत करण्याविषयी काँग्रेसने राज्यांच्या विधिमंडळांना कळकळीची शिफारस करावी, एवढेच कलम घालता आले. आज्ञा करण्याचा अधिकारच तिला नव्हता.

आक्षेप : भारताच्या संविधानाचे पहिले कलम भारताला ‘राज्यांचा संघ’ म्हणते. वरील न्यायाने भारतही राज्यसंघ ठरेल.

उत्तर : आक्षेप महत्त्वाचा आहे, आणि नेमक्या याच कारणासाठी ‘राज्यसंघ’ हा शब्द भारताला लावू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत स्पष्ट केले होते की, हा संघ घटक राज्यांच्या आपसांतील करारातून निर्माण झालेला नाही आणि म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघण्याचा अधिकार नाही. तेथे ‘संघ’ हे अविभाज्य एकत्वाचे नाव आहे. १७८१ च्या करारनाम्यात राज्ये आधी आणि संघ त्यांच्या संमतीने नंतर, असा क्रम आहे.

अमेरिकेसाठी ‘संघराज्य’ हा शब्द १७८७ च्या संविधानापासून, म्हणजे ते १७८९ मध्ये अमलात आल्यानंतरच्या व्यवस्थेला निःशंकपणे वापरावा. शिल्लक अधिकार राज्यांकडे वा जनतेकडे ठेवणाऱ्या १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीत जुन्या करारनाम्यातील ‘स्पष्टपणे’ हे क्रियाविशेषण घेतलेले नाही, याकडे सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८१९ च्या निकालात मुद्दाम लक्ष वेधले; म्हणजे नव्या व्यवस्थेत संघाचे अधिकार शब्दशः लिहिलेल्यांपुरतेच मर्यादित राहिले नाहीत. ‘महासंघ’ मात्र आज कर्मचारी व व्यापारी संघटनांच्या नावांत इतका रुळला आहे की, राज्यव्यवस्थेसाठी तो टाळलेलाच बरा.