लाल पद्मिनी: रंग नुसता आहे की वर क्लिअर आहे, ओळखायचं कसं?

कृष्णाकाठचा
मंडळी, सल्ला पाहिजे. काकांची १९९४ ची प्रीमियर पद्मिनी आता माझ्या दारात आलीय. रंग लाल. म्हणजे एकेकाळी लाल. आता बॉनेट आणि टप गुलाबी पडलेत, हात फिरवला की बोटांना भुकटी लागते. गाडी आमच्या सांगलीच्या गावभागातल्या अंगणात असायची. २०१९ च्या महापुरात पाणी चढायच्या आदल्या रात्री काकांनी ती विश्रामबागेत आत्याच्या दारात नेऊन लावली म्हणून वाचली, पण तिथं पुढं दोन वर्षं उघड्या उन्हात राहिली.

परवा एका डिटेलिंगवाल्याला (गाड्या धुऊन-पॉलिश करून चकाकवणाऱ्याला) दाखवली. त्यानं लांबूनच "तीन स्टेप मशीन पॉलिश, वर सिरॅमिक, १८,०००" असं सांगितलं. मी विचारलं, यावर क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, आहे का? तर म्हणाला, सगळ्याच गाड्यांवर असतं. मला ते काही पटलं नाही. घरच्या घरी कळेल असा काही उपाय आहे का? आणि तोपर्यंत मशीन लावू देऊ का नको?

माहुलीकर
नको! आधी बघ, मग मशीन.

सगळ्याच गाड्यांवर क्लिअर नसतं. जुन्या पद्धतीत रंग आणि चकाकी एकाच थरात असायची, त्याला सिंगल स्टेज म्हणतात. आतला रंग वेगळा आणि वर पारदर्शक थर, ही पद्धत जगभर रुळली ती साधारण १९८० च्या दशकात, मेटॅलिक रंगांमुळे जास्त. मेटॅलिकमधली ॲल्युमिनियमची चकती उघडी राहिली तर काळवंडते, म्हणून तिच्यावर झाकण लागतंच. लाल, पांढरा, काळा अशा सॉलिड रंगांना ती सक्ती नव्हती.

तू जी भुकटी सांगतोयस तीच पहिली खूण. उन्हानं रंगाची पूड धरून ठेवणारं बाइंडर मरतं आणि नुसती रंगाची पूड वर उरते. क्लिअरवाली गाडी अशी भुकटत नाही. तिचं क्लिअर मेलं की आधी ढगाळ पांढरट डाग दिसतात, मग कडेनं पापुद्रे सुटतात, उन्हात सोललेल्या पाठीसारखे.

खात्रीसाठी: मागच्या मडगार्डवर, बंपरच्या जवळ, रुपयाएवढी जागा घे. शॅम्पूनं धू, कोरडी कर. पांढरं सुती कापड बोटाला गुंडाळ, त्यावर बारीक पॉलिशचा हरभऱ्याएवढा थेंब घे आणि दहा-पंधरा वेळा घास. कापड लाल झालं तर सिंगल स्टेज. पॉलिशचाच रंग राहिला तर वर क्लिअर आहे. पहिल्या पुसण्यात काळपट काही आलं तर तो मळ, तो धरायचा नाही. कापडाची कोरी बाजू घेऊन परत घास.

आणि दाराच्या चौकटीत नको बघू. सगळे तिथंच बघायला सांगतात. पण क्लिअरवाल्या गाड्यांच्याही चौकटीत आणि बॉनेटखाली काही वेळा कारखान्यात क्लिअर मारलेलं नसतं. तिथं रंग आला तरी बाहेर क्लिअर असू शकतं.

हळदबाजार
एवढं कशाला? चकाकी बघा. आरशासारखी असेल तर क्लिअर, मऊ-मऊ असेल तर नुसता रंग.

माहुलीकर
@हळदबाजार, नाही हो. नीट घासलेल्या सिंगल स्टेजमध्ये तोंड बघून भांग पाडता येतो. आणि मेलेलं क्लिअर चुन्यासारखं दिसतं. नजरेवर जाऊ नका.

नटबोल्ट_कराड
थिकनेस मीटर मागून आणा कुणाकडून तरी. शंका मिटेल.

गनवाले मामा
मीटरनं ती शंका मिटत न्हाई दादा. मीटर एकूण जाडी सांगतो, थर किती ते न्हाई सांगत. कंपनीचा रंग प्रायमरसकट (रंगाच्या खालचा थर) साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. २५०-३०० आला तर वरनं परत मारलाय. हजाराच्या पुढं गेला तर आत लांबी (पुट्टी) हाय, डेंट भरलेला. मीटर आणाच, पण येगळ्या कामाला: घासायला किती शिल्लक हाय ते बगायला.

मी कुपवाडला ३० वर्सं रंगाची गन धरतोय. आता माझं ऐका. ३० वर्सांची गाडी म्हंजे एक गाडी नसती. कुटं दार ठोकलं, कुटं डिकी, जो-तो आपापल्या पेंटरकडं गेला. म्हनून एकाच जागी बघून निकाल देऊ नका. प्रत्येक पत्रा येगळा तपासा. बॉनेट, टप, चार दारं, चार मडगार्ड, डिकी. अकरा जागा झाल्या, अर्धा तास लागतो.

दुसरं. कापडाला रंग आला म्हंजे कंपनीचाच रंग, असं न्हाई. गॅरेजमदी सॉलिड कलर हार्डनर घालून मारला आणि वर लॅकर न्हाई मारला (क्लिअरला आमी लॅकर म्हनतो) तर तोबी रंग देतो, फक्त कमी देतो, कारन तो टनक असतो. आणि जुन्या पेंटरनं ड्युको (बिनहार्डनरचा जुना रंग) मारला असंल तर तो भरपूर देतो. ड्युको का न्हाई ते थिनरनं कळतं: कापडाचं टोक थिनरमदी बुडवून लपलेल्या जागी टेकवायचं. ड्युको लगेच विरघळून चिकट हुतो, हार्डनरवाला हलत न्हाई. पन ह्यो उद्योग सीटच्या खाली न्हाईतर डिकीच्या आतच करा. बॉनेटवर थिनर लावून मंग माझ्याकडं रडत येऊ नका, लई जन येत्यात.

हळदबाजार
बरं, शरण आलो. माझी गाडी पांढरी आहे. पांढऱ्या कापडावर पांढरा रंग दिसणार कसा?

माहुलीकर
काळं कापड घ्या. जुनी काळी टीशर्ट चालेल. मात्र पॉलिश पांढरं नको, नाहीतर पॉलिशलाच रंग समजाल.

गडद रंगाच्या गाडीला अजून एक उपाय आहे. २००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून अगदी दोन हात मारायचे आणि पाणी बघायचं. दुधाळ आलं तर क्लिअर, रंगीत आलं तर सिंगल स्टेज. ओरखडा मात्र नंतर पॉलिशनं काढावा लागतो, म्हणून नवख्यानं करू नये. पांढऱ्या गाडीला हे निरुपयोगी, दोन्हीकडून दूधच निघतं.

नटबोल्ट_कराड
अवांतर होतंय, पण माझ्या चंदेरी गाडीच्या टपावर माशाच्या खवल्यासारखे तुकडे सुटतात. पॉलिशनं जाईल का?

गनवाले मामा
न्हाई जानार. मेटॅलिक हाय, म्हंजे वरचा लॅकर सुटलाय. जितकं घासाल तितकं सुटंल. टप पेपर मारून परत बेस आणि लॅकर. वरनं नुसता लॅकर मारून देतो म्हनंल त्याच्याकडं जाऊ नका, सुटलेल्यावर मारलेला पुढच्या उन्हाळ्यात परत सुटतो.

कृष्णाकाठचा
केलं! रविवारी सकाळी अंगणात बसलो. पांढरं कापड म्हणून काकांची जुनी बनियन फाडली, तिचे अकरा तुकडे केले आणि प्रत्येकावर स्केचपेननं जागा लिहिली. निकाल:

बॉनेट, पुढची दोन्ही मडगार्ड, उजवीकडची दारं: चार-पाच हातांतच तुकडा कुंकवात बुडवल्यासारखा लाल. आणि घासलेली जागा? काय सांगू. गुलाबी बॉनेटवर रुपयाएवढा टिळा, १९९४ सालचा लाल. काकूंना हाक मारून दाखवला. त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "बनियन कुणाची फाडलीस?"

डावीकडचं मागचं दार आणि डिकी: वीस वेळा घासलं, तुकडा कोरा. म्हणजे तिथं क्लिअर. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, मिरजेच्या रेल्वे फाटकाजवळ मागून कुणीतरी ठोकली होती. मामा, तुम्ही बरोबर होता.

टप: इथं गडबड आहे. लाल आला, पण मधोमध घासताना खाली राखाडी दिसायला लागलं. हात लगेच उचलला.

माहुलीकर
राखाडी म्हणजे प्रायमर. टप संपलाय, त्याला आता पॉलिश दाखवूसुद्धा नकोस. तीन स्टेप मशीन लावलं असतंस तर पूर्ण टप राखाडी होऊन घरी आला असता, वर १८,००० गेले असते.

बाकी लाल पत्र्यांना हातानंच कर. आधी तेलकट, बिनखरडीचं ग्लेझ लावून रात्रभर राहू दे, वाळलेला रंग ते पितो. सकाळी पुसून मग बारीक पॉलिश. कडा आणि उठावाच्या रेषांवर मास्किंग टेप लाव, रंग तिथंच सगळ्यात पातळ असतो. कापड लाल होत राहणार, घाबरू नकोस, पण कोरी बाजू बदलत राहा. शेवटी वॅक्स. ते दर तीन-चार महिन्यांनी परत लावायचं, कारण या रंगाला उन्हापासून वाचवणारा वरचा थर नाही. सिरॅमिकच्या नादाला तूर्त लागू नकोस. वापरलेला पॅड दुसऱ्या गाडीवर नेऊ नकोस, विशेषतः हळदबाजार यांच्या पांढरीवर.

गनवाले मामा
बराबर. टप तेवढा मारून घ्या. सॉलिड लाल, हार्डनरवाला, लॅकर नको. लॅकर मारला तर टप काचंसारखा आणि बॉनेट जुन्यासारखं, दोन गाड्या जोडल्यागत दिसंल. शेड जुळवायला गुलाबी बॉनेट दाखवू नका. आधी बॉनेट पॉलिश करा, मंग त्याच्यावरनं जुळवू. न्हाईतर दाराच्या रबराखालचा रंग बगू, तिथं ऊन गेलेलं नसतंय. डावं दार बघू नका, ते आधीच दुसऱ्यानं जुळवलेलं हाय.

कृष्णाकाठचा
पुढच्या रविवारी बॉनेट उरकतो. मग गाडीच घेऊन कुपवाडला येऊ का मामा? किती वाजता?

गनवाले मामा
चारनंतर या. सकाळी गन चालू असती, आणि शेड उन्हातच बघावी लागती, ट्यूबखाली सगळे लाल सारखेच दिसत्यात.