अपूर्णांकातले इष्टतम उत्तर जवळच्या पूर्णांकात बदलले तर काय बिघडते?

प्रश्न
ऑपरेशन्स रिसर्चचा अभ्यास मी नुकताच सुरू केला असून लिनिअर प्रोग्रामिंगमधील (रेषीय बंधने पाळून नफ्यासारखी राशी कमाल किंवा किमान करण्याच्या गणितातील) उद्दिष्ट फलन, म्हणजे ती राशी, बंधने आणि ती सोडवणारी सिम्प्लेक्स पद्धत एवढा भाग मला समजला आहे. सरावाच्या उदाहरणात दोन प्रकारची यंत्रे घ्यायची आहेत. पहिल्याला ४ आणि दुसऱ्याला ७ एकक भांडवल लागते, त्यांपासून अनुक्रमे ५ आणि ८ एकक नफा मिळतो, एकूण भांडवल २८ एकक आहे आणि जागा पाचच यंत्रांपुरती आहे. सिम्प्लेक्सने ७/३ आणि ८/३ यंत्रे व ३३ एकक नफा असे उत्तर दिले. यंत्राचा तुकडा घेता येत नाही, म्हणून २ आणि ३ यंत्रे घ्यावीत का?

उत्तर १
२ आणि ३ यंत्रांना २९ एकक भांडवल लागेल, म्हणजे बंधनच मोडेल. दोन्ही संख्या खाली आणून २ आणि २ घेतली, तर नफा २६ वर येतो. खरे इष्टतम उत्तर पहिले यंत्र एकही नाही आणि दुसरी ४, नफा ३२, हे आहे. ते आपल्या अपूर्णांकी उत्तराच्या आसपासही नाही.

जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली मांडलेली सिम्प्लेक्स पद्धत शक्य प्रदेशाच्या, म्हणजे सर्व बंधने पाळणाऱ्या बिंदूंच्या प्रदेशाच्या, एका शिरोबिंदूवरून शेजारच्या अधिक चांगल्या शिरोबिंदूवर सरकत जाते, पण पूर्णांकी बिंदू त्या शिरोबिंदूंवर किंवा त्यांच्याजवळ असतीलच असे नाही. तरीही ३३ हा आकडा मोलाचा आहे, कारण कोणत्याही पूर्णांकी योजनेचा नफा त्याच्या वर जाऊ शकत नाही. १९६० मध्ये एल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग यांनी मांडलेली ब्रँच अँड बाउंड पद्धत याच कमाल मर्यादेवर उभी आहे. तीत प्रश्नाचे शाखांत तुकडे करतात आणि प्रत्येक शाखेची कमाल मर्यादा काढतात. पहिली यंत्रे ३ किंवा अधिक घेतली, तर ३ आणि २ हे पूर्णांकी उत्तर मिळते व नफा ३१ होतो. ती २ किंवा कमी घेतली, तर मर्यादा ३२ पूर्णांक ६/७ येते. नफ्याचे आकडे पूर्णांकी असल्यामुळे ३२ च्या पुढे काही मिळणार नाही, आणि ३२ देणारी योजना हाती येताच उरलेल्या शाखा न तपासता सोडता येतात.

उत्तर २
एक पुरवणी जोडतो. संख्या हजारांत असतील, तर जवळचा पूर्णांक घेतल्याने सहसा फारसे नुकसान होत नाही, फक्त बंधने पुन्हा तपासावीत. वाहतुकीच्या प्रश्नात (कोठून कोठे किती माल पाठवायचा हे ठरवताना) पुरवठा आणि मागणी पूर्णांकी असल्यास सिम्प्लेक्सचे उत्तर आपोआपच पूर्णांकी येते. खरी अडचण ‘करावे की नाही’ अशा निर्णयांत असते.

प्रश्नकर्ता
मग संगणकाने सर्व पर्याय तपासून का पाहू नयेत?

उत्तर १
असे ५० निर्णय असले, तरी पर्यायांची संख्या १,१२५ लाख कोटींवर जाते. म्हणून शाखा मुळातच कमी फुटतील असे पाहावे लागते, आणि त्यासाठी राल्फ गोमोरी यांनी १९५८ मध्ये दाखवलेली छेदांची वाट, म्हणजे अपूर्णांकी उत्तर कापून टाकणारी जादा बंधने घालणे, उपयोगी पडते. आपल्या उदाहरणात ‘पहिल्यांची दुप्पट अधिक दुसऱ्यांची तिप्पट १२ पेक्षा जास्त नसावी’ हे बंधन वाढवून पाहा. त्यामुळे एकही पूर्णांकी योजना बाद होत नाही, ७/३ आणि ८/३ हा बिंदू मात्र कापला जातो, आणि सिम्प्लेक्स थेट ० आणि ४ वर पोहोचते.