मृग लागला म्हणजे नक्की काय लागलं? : नक्षत्र, ग्रह, चांदणी यांवर शब्दचर्चा

टिपूर :
मंडळी, एक अडचण. शाळेतल्या मुलांसाठी आकाशदर्शनाची चार पानी पुस्तिका लिहायला घेतली आहे आणि पहिल्याच पानावर गाडी अडली. "मृग नक्षत्र हिवाळ्यात संध्याकाळी पूर्वेला उगवताना दिसतं" असं मी लिहिलं. सातवीतल्या भाच्याने ते वाचलं आणि म्हणाला, "मावशी, मृग तर जूनमध्ये लागतो. आजोबा मृगावर पेरतात." आता त्याचंही खरं आणि माझंही खरं. मग नक्षत्र म्हणजे ताऱ्यांचा समूह की पावसाचा पंधरवडा?
त्याच्या जोडीला आणखी दोन शंका. तारा, तारका, चांदणी यांत फरक काय? आणि सूर्य जर तारा, तर तो नवग्रहांत कसा शिरला? मुलं हे विचारणार हे नक्की.

जुनं पंचांग :
टिपूरताई, भाचा हुशार आहे. नक्षत्र या शब्दाचे मराठीत निदान तीन अर्थ एकाच वेळी नांदतात.
पहिला अर्थ डोळ्यांना दिसणारा : ताऱ्यांची ओळखू येणारी आकृती. मृगाचे चार कोपऱ्यांतले चार तारे म्हणजे हरणाचे पाय, मधले तीन ओळीतले तारे म्हणजे त्याच्या पोटात रुतलेला बाण, आणि तो मारणारा व्याध जरा खाली डावीकडे चमकतो. रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा तोच. आपल्यापासून सुमारे 8.6 प्रकाशवर्षांवर आहे.
दुसरा अर्थ गणिती : सूर्य वर्षभरात ताऱ्यांमधून ज्या वाटेने सरकताना दिसतो ते क्रांतिवृत्त. त्याचे 27 समान भाग केले की एकेक भाग 13 अंश 20 कलांचा होतो. त्या भागालाही नक्षत्रच म्हणतात. त्यातल्या किंवा त्याच्या जवळपासच्या ताऱ्यांवरून त्याला नाव मिळालं, पण भाग मात्र मोजून आखलेला आहे.
तिसरा अर्थ काळाचा : सूर्याला असा एक भाग ओलांडायला जे साडेतेरा-चौदा दिवस लागतात, तेही नक्षत्र. आजोबांचा मृग हा तिसरा. "मृग लागला" म्हणजे सूर्य मृगाच्या भागात शिरला. हे होतं 7-8 जूनला.
आता गंमत बघा. सूर्य मृगात असतो तेव्हा मृगाचे तारे सूर्याबरोबरच उगवतात आणि त्याच्याबरोबरच मावळतात. म्हणजे वर्षभरात मृग आकाशात अजिबात दिसत नाही असे जे काही आठवडे असतात, त्यांतच आपण सगळे "मृग, मृग" करत असतो. पावसाळी ढग नसते तरी तो दिसला नसता.

बांधावरून :
आमच्याकडे कुणी मृग म्हणत नाही, "मिरीग" म्हणतात. आणि पंचांगकाका, तुम्ही म्हणता ते पावसाच्या सगळ्याच नक्षत्रांना लागू आहे ना? कारण आमच्या पोरांना वाटतं की आजोबा आभाळ बघून सांगतात. आभाळ बघून नाही, पंचांग बघून सांगतात!
नावं ऐकायची असतील तर : रोहिणी, मिरीग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा पाऊस तो "तरणा" आणि पुष्याचा तो "म्हातारा". तरणा जोरात कोसळतो, म्हातारा रिपरिप लावतो, असं म्हणायची पद्धत. दरवर्षी तसं होतं असं नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. पुढे आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, मग हस्त. त्याला आम्ही सरळ "हत्तीचा पाऊस" म्हणतो. शेवटी चित्रा आणि स्वाती. स्वाती पडल्या तर माणिकमोती पिकतात म्हणतात, ते रब्बीच्या ओलीसाठी.

जुनं पंचांग :
हो, सगळ्यांना लागू. हत्तीचं चांगलं आठवलंत. हस्त म्हणजे हात. पाच ठळक ताऱ्यांची ती आकृती हाताच्या पंजासारखी मानली गेली. लोकांनी हस्ताचा हत्ती केला, आणि हादग्याला पाटावर मधोमध हत्ती काढून पोरी त्याच्याभोवती फेर धरू लागल्या. सूर्य हस्तात जातो सप्टेंबरच्या अखेरीस, तेव्हाच हादगा बसतो. व्युत्पत्ती चुकली म्हणून कुणी नाक मुरडू नये. इतका सुंदर सण कुठल्या बिनचूक व्युत्पत्तीतून निघाला असेल असं मला वाटत नाही.

पुणेरी दुर्बीण :
एक पुरवणी जोडतो, नाहीतर टिपूर यांचा वाचक पुढच्या फाट्यावर पुन्हा चुकेल. घरातल्या दिनदर्शिकेत रोजच्या चौकोनात जे नक्षत्र छापलेलं असतं, ते सूर्याचं नाही, चंद्राचं. चंद्र साधारण 27.3 दिवसांत ताऱ्यांमधून एक फेरी पुरी करतो, म्हणजे दिवसाला एक नक्षत्र. भाग 27 च का, याचं उत्तर इथेच आहे. "तुझं जन्मनक्षत्र कोणतं?" यातलं नक्षत्रही चंद्राचंच.
महिन्यांची नावंही चंद्रावरूनच आली. पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ असतो तो चैत्र, विशाखेजवळ तो वैशाख, कृत्तिकांजवळ तो कार्तिक. आणि मृगशीर्षाजवळ असतो तो मार्गशीर्ष! म्हणजे सूर्य मृगात जूनमध्ये, आणि पूर्ण चंद्र मृगात सहा महिन्यांनी, डिसेंबरच्या सुमाराला. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोर असतो, त्यामुळे हे व्हायलाच हवं. भाच्याला सांगा : आजोबांचा मृग सूर्याचा, मावशीचा मृग मार्गशीर्षातल्या चंद्राच्या शेजारचा. जागा तीच, पाहुणा वेगळा.

टिपूर :
हे फारच छान. शेवटचं वाक्य उचलू का पुस्तिकेत?

पुणेरी दुर्बीण :
उचला, उचला. आता चांदणीकडे वळतो. मराठीत "तारा" पुल्लिंगी : तो तारा, ते तारे. संस्कृतात तारा स्त्रीलिंगी, म्हणून मुलीचं नाव तारा. "तारका" आणि "चांदणी" स्त्रीलिंगी. "तारका" पुस्तकी आहे, तारकासमूह वगैरे जोडशब्दांत बरी वाटते, आणि हल्ली सिनेमावाल्यांनी तिला पळवली आहे. बोलताना आपण "चांदण्या" म्हणतो.
आता चांदणी म्हणजे काय? आभाळातला कुठलाही चमचमता ठिपका. तो तारा आहे की ग्रह याची चौकशी हा शब्द करत नाही. म्हणून "शुक्राची चांदणी" चूक नाही. ज्याने हा शब्द घडवला त्याच्यासाठी ती चांदणीच होती. फक्त विज्ञानाच्या वाक्यात "शुक्र हा तारा आहे" असं लिहू नये.
ओळखायचं कसं तेही लिहा : तारे लुकलुकतात, ग्रह सहसा स्थिर तेवतात. तारा इतका दूर असतो की दुर्बिणीतूनही ठिपकाच राहतो, त्यामुळे वाऱ्या-हवेच्या हालचालीने त्याचा प्रकाश डळमळतो. ग्रहाची छोटी का होईना चकती असते. आणि शुक्र कधीच मध्यरात्री डोक्यावर दिसणार नाही. सूर्यापासून तो 47 अंशांपेक्षा फारसा लांब जात नाही. म्हणून एकतर संध्याकाळी पश्चिमेला, नाहीतर पहाटे पूर्वेला.

जुनं पंचांग :
नवग्रहांचं राहिलं. "ग्रह" हा ग्रह् या धातूवरून, पकडणे, धरणे. ग्रहण, आग्रह, पूर्वग्रह ही सगळी त्याच घरातली भावंडं. जुन्या ज्योतिषात ग्रह कोण, तर जो नक्षत्रांच्या स्थिर पार्श्वभूमीवरून सरकत जातो तो. या व्याख्येत सूर्य आणि चंद्र अगदी चोख बसतात, कारण तेही सरकताना दिसतात. आणि पृथ्वी बसत नाही, कारण आपण तिच्यावरच उभे. ही यादी चुकीची म्हणून मुलांना हसायला शिकवू नका. ती दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे : "काय हलतं?" आजचा प्रश्न आहे "काय कशाभोवती फिरतं?"
राहू-केतू तर वस्तूच नाहीत, बिंदू आहेत. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी सुमारे 5 अंश कललेली आहे. ती जिथे क्रांतिवृत्ताला छेदते ते दोन पातबिंदू म्हणजे राहू आणि केतू. अमावास्या किंवा पौर्णिमा त्या बिंदूंजवळ घडली तरच ग्रहण. म्हणून दर अमावास्येला ग्रहण होत नाही. राक्षसाने सूर्य गिळला ही गोष्ट बाजूला ठेवली, तरी "राहूमुळे ग्रहण लागलं" हे वाक्य भूमितीत खरंच आहे.

बांधावरून :
आणि साडेसाती? तीही भूमितीच का?

जुनं पंचांग :
फळ सोडा, काळाचं गणित आहेच. शनीला सूर्याभोवती फिरायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशी, म्हणजे एका राशीत साधारण अडीच वर्षं. आपल्या राशीच्या मागची, आपली आणि पुढची अशा तीन राशी : साडेसात. शनी हे नावच शनैश्चर या शब्दातून आलं, शनैः शनैः म्हणजे हळूहळू चालणारा. उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या ग्रहांत सगळ्यात संथ तोच, हे नाव ठेवणाऱ्यांना पक्कं माहीत होतं.
गुरूचं तसंच. त्याची फेरी 11.86 वर्षांची, म्हणजे वर्षाला जवळपास एक रास. तो सिंहेत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ, कन्येत आला की नृसिंहवाडीचा कन्यागत. बारा वर्षांना तो जरा कमी पडतो, आणि ती तूट साचत साचत कधीतरी एक वर्ष गिळते. हरिद्वारचा कुंभमेळा 2010 नंतर 2021 मध्ये, अकरा वर्षांनीच भरला, तो यामुळेच.

ह्रस्वदीर्घ :
मध्येच तोंड घालतो, सवय आहे. टिपूरताई, पुस्तिकेत शनी, गुरू, रवी, राहू दीर्घ लिहा. पण शनिवार, गुरुवार, रविवार, राहुकाल ह्रस्व. तत्सम शब्द एकटा असेल तर शेवटचा इकार-उकार दीर्घ, समासात पहिलं पद असेल तर मूळचा ह्रस्व. "शनीवार" लिहिलेले फलक बघून माझा रक्तदाब वाढतो. आणि "सूर्यमाला" लिहा. "सौरमंडल" हिंदीच्या वाटेने येतं आहे. समजतं, पण आपल्याकडे चांगला रुळलेला शब्द असताना कशाला?

टिपूर :
नोंद घेतली! युरेनसला काय लिहू? घरी आजीच्या पंचांगात "हर्षल" असतो.

पुणेरी दुर्बीण :
"युरेनस" लिहा आणि कंसात हर्षल द्या, आजी आणि नात दोघींना कळेल. विल्यम हर्शेल याने 13 मार्च 1781 रोजी तो दुर्बिणीतून शोधला. त्याला हा ग्रह इंग्लंडच्या राजाच्या, तिसऱ्या जॉर्जच्या नावावर करायचा होता. ते नाव इंग्लंडबाहेर कुणी मनावर घेतलं नाही. काही ठिकाणी शोधणाऱ्याचंच नाव चाललं, पुढे तेही मागे पडलं. मराठी पंचांगात मात्र हर्शेलसाहेब हर्षल होऊन अजून राशी बदलत आहेत.

बांधावरून :
आमची आजी धूमकेतूला "शेंडेनक्षत्र" म्हणायची. पुस्तिकेत घाला की.

पुणेरी दुर्बीण :
अवश्य घाला, पण एक वाक्य जोडून. शेंडेनक्षत्र हे वरच्या तीनही अर्थांनी नक्षत्र नाही. बर्फ आणि धुळीचा तो गोळा सूर्याजवळ आला की तापतो आणि त्याला शेपूट फुटतं. हॅलेचा धूमकेतू 1910 आणि 1986 ला आला होता, पुन्हा 2061 मध्ये येईल. टिपूर यांचा भाचा तेव्हा आजोबांच्या वयाचा असेल.
आणि "प्रकाशवर्ष" जपून वापरा. ते अंतर आहे, काळ नव्हे. प्रकाश एका वर्षात जेवढं जातो तेवढं, सुमारे 9.46 लाख कोटी किलोमीटर. "कित्येक प्रकाशवर्षांपूर्वी डायनासोर होते" हे वाक्य मी छापील मजकुरात वाचलेलं आहे.

ह्रस्वदीर्घ :
"युती" हा शब्दही घ्या. दोन ग्रह आकाशात एकमेकांजवळ दिसतात ती युती. राजकारणाने तो उचलला.

पुणेरी दुर्बीण :
आणि नेमका उचलला. 21 डिसेंबर 2020 ला गुरू-शनीची युती झाली. दोघांत अंशाच्या दहाव्या भागाएवढंच अंतर दिसत होतं, लोक गच्चीवर जाऊन बघत होते. प्रत्यक्षात दोघांमध्ये सुमारे 73 कोटी किलोमीटर होते. उलट शब्द "प्रतियुती" : ग्रह सूर्याच्या बरोबर समोर येतो ती. मंगळ, गुरू, शनी तेव्हाच सगळ्यात तेजस्वी दिसतात. तो शब्द राजकारण्यांनी अजून घेतलेला नाही.