जेन्किन्सच्या बिल्डवर लक्ष ठेवणारी स्क्रिप्ट रिव्ह्यूला आली आहे, काय काय तपासू?

पारिजातक
नमस्कार मंडळी. आमच्या टीममध्ये नुकत्याच रुजू झालेल्या एका मुलाने बॅशमध्ये स्क्रिप्ट लिहिली आहे आणि ती रिव्ह्यूसाठी माझ्याकडे आली आहे. कोड कंपनीचा, त्यामुळे इथे टाकता येणार नाही, शब्दांत सांगते. जेन्किन्स म्हणजे कोड आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारा आमचा सर्व्हर, त्यावरच्या वीसेक जॉबची नावं एका फाइलमध्ये आहेत. क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सोय) दर पाच मिनिटांनी स्क्रिप्ट चालवतो. ती प्रत्येक जॉबच्या 'लास्ट बिल्ड'चा जेसन (ठरावीक साच्यातला मजकूर) कर्ल या कमांडने सर्व्हरकडून मागवते, जेक्यू या जेसन वाचणाऱ्या कमांडने त्यातला निकाल काढते आणि निकाल फेल्युअर असेल तर टीमच्या चॅट ग्रुपवर मेसेज टाकते. नव्वदेक ओळी आहेत, वाचायला स्वच्छ. मुद्दाम एक जॉब फेल करून पाहिला, मेसेज आला.

दोन गोष्टींवर सल्ला हवा आहे. अशा स्क्रिप्टमध्ये नेमकं काय तपासावं? मी रोज जावा लिहिते, शेलमधल्या खाचाखोचा फारशा ठाऊक नाहीत. आणि हीच पुढे न्यावी की तयार काहीतरी वापरायला सांगावं? मुलाने मनापासून काम केलं आहे, त्यामुळे 'हे कशाला लिहिलंस' असा रिव्ह्यू मला द्यायचा नाही.

रात्रपाळी
'लास्ट बिल्ड' म्हणजे शेवटी सुरू झालेला बिल्ड. तो संपलेला असेलच असं नाही. चालू बिल्डच्या जेसनमध्ये निकाल नल, म्हणजे रिकामा असतो. समजा ४११ नंबरचा बिल्ड १०:०२ ला फेल झाला आणि कोणीतरी लगेच पुश केल्यामुळे १०:०३ ला ४१२ सुरू झाला. १०:०५ ला तुमचा क्रॉन येतो, ४१२ बघतो, नल मिळतो, फेल्युअर नाही म्हणून पुढे जातो. ४१२ पास झाला तर ४११ चं नावही कोणाला कळणार नाही. तुम्ही एकच जॉब फेल करून थांबलात म्हणून चाचणीत हे दिसलं नाही.

'लास्ट कम्प्लीटेड बिल्ड' मागवला की अर्धा प्रश्न सुटतो. उरलेला अर्धा असा की पाच मिनिटांत दोन बिल्ड संपले तर पहिला तरीही निसटतो. म्हणून प्रत्येक जॉबचा शेवटचा पाहिलेला नंबर लिहून ठेवायचा आणि पुढच्या वेळी त्याच्यापुढचे सगळे संपलेले बिल्ड तपासायचे.

शिवाय जेन्किन्समध्ये निकाल पाच प्रकारचे असतात: सक्सेस, अनस्टेबल, फेल्युअर, नॉट बिल्ट, अबॉर्टेड. कंपाइल झालं पण टेस्ट पडल्या, तर बहुतेक ठिकाणी बिल्ड अनस्टेबल होतो. फक्त फेल्युअरशी तुलना केलीत तर टेस्ट पडल्याची खबर कधीच येणार नाही. पाचांपैकी प्रत्येकाचं काय करायचं हे स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहिलेलं हवं. आणि यातलं काहीच नसेल तर काय, तेही.

घाटमाथा
रात्रपाळींच्या शेवटच्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त जोर देईन. फेल्युअर दिसला तरच बोलणारी स्क्रिप्ट बाकी प्रत्येक प्रसंगी गप्प बसते, आणि लोक त्या गप्प बसण्याला 'सगळं ठीक' असं वाचतात. सोसायटीचा वॉचमन झोपला तरी रात्र शांतच जाते, तसं.

ती कुठे कुठे गप्प बसेल बघा. सर्व्हरने ४०४ किंवा ५०० दिलं तरी कर्ल शून्य एक्झिट कोड (म्हणजे 'काम ठीक झालं') देऊन बाहेर पडतो. त्याला 'फेल' हा पर्याय दिला तरच तो अशा वेळी २२ देतो. पुढे कर्ल आणि जेक्यू पाइपने जोडलेले असतील तर बॅश पाइपमधल्या शेवटच्या कमांडचाच कोड धरतो. कर्ल पडला, जेक्यूला रिकामं इनपुट मिळालं, तो तक्रार न करता शून्य देतो, निकालाचं व्हेरिएबल रिकामं, आणि रिकामं म्हणजे फेल्युअर नाही. झालं. 'पाइपफेल' (पाइपमधली कुठलीही कमांड पडली तर अपयश धरणारा बॅशचा पर्याय) चालू आहे का ते आधी पाहा. टोकन (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली) रद्द झालं आणि मध्ये बसलेल्या प्रॉक्सीने लॉगिनचं पान २०० कोडसह पाठवलं, असंही होतं. तिथे जेक्यू एचटीएमएल बघून ओरडतो, पण क्रॉनमध्ये एरर आउटपुट डेव्ह नलकडे (म्हणजे कचऱ्यात) वळवलेलं असेल तर ते कोणी ऐकत नाही.

म्हणून माझ्या मते रिव्ह्यूमधला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच: पास आणि फेल यांच्या जोडीला 'माहीत नाही' अशी तिसरी अवस्था हवी, आणि लागोपाठ दोन-तीन फेऱ्या 'माहीत नाही' आलं तर मेसेज जायलाच हवा. बाकी दोष त्यामानाने बारीक आहेत.

अजून एक. कर्लला एकूण वेळेची मर्यादा सांगितली नाही तर तो वाट बघत बसतो. जेन्किन्स अडकला की पहिली फेरी संपायच्या आत क्रॉन दुसरी सुरू करतो, मग तिसरी. 'मॅक्स टाइम' द्या आणि क्रॉनच्या ओळीत एफ-लॉक लावा म्हणजे एका वेळी एकच चालेल.

शेंगदाणा_चटणी
मी तर म्हणेन बॅश सोडा, पायथनमध्ये लिहायला सांगा. जेसन, एरर हँडलिंग, टेस्ट, सगळं सोपं होतं.

घाटमाथा
@शेंगदाणा_चटणी, वाढणारी स्क्रिप्ट असेल तर सहमत. पण पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीतही टाइमआउट स्वतःहून नसतो, द्यावाच लागतो. भाषा बदलल्याने वरचे प्रश्न जात नाहीत, फक्त दुसऱ्या रूपात भेटतात. नव्वद ओळींसाठी मी नव्या मुलाला सगळं पुन्हा लिहायला लावणार नाही. शेलचेक चालवायला सांगा. अवतरणं विसरलेली व्हेरिएबल वगैरे बारीकसारीक गोष्टी ते पकडतं, तुमचा वेळ विचारांच्या चुकांसाठी मोकळा राहतो.

पारिजातक
खूप आभार दोघांचे. आत्ता पुन्हा बघितलं. पाइपफेल नाही, टाइमआउट नाही, एरर आउटपुट खरंच डेव्ह नलकडे आहे. आणि फेल्युअर असेपर्यंत दर पाच मिनिटांनी तोच मेसेज परत जातो. युजरनेम-टोकन स्क्रिप्टच्या वरच्याच ओळींत लिहिलं आहे आणि ती रेपोमध्ये आहे.

तिसरा_मजला
टोकन रेपोत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते रद्द करा. नुसती ओळ काढून नवा कमिट केला तरी गिटच्या इतिहासात ते तसंच राहतं. जेन्किन्समध्ये प्रत्येक युजरला स्वतःची एपीआय टोकन बनवता येतात आणि एकेक वेगळं रद्द करता येतं. या कामासाठी फक्त वाचण्याचा हक्क असलेला वेगळा युजर मागून घ्या, त्याचं टोकन नेटआरसी फाइलमध्ये (कर्ल लॉगिनची माहिती तिथून वाचू शकतो) ठेवा, फाइलची परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल.

तोच मेसेज पुन्हा पुन्हा जाण्याबद्दल: लोक दुसऱ्या दिवशी ग्रुप म्यूट करतात, त्यानंतर स्क्रिप्ट असली काय नसली काय. अवस्था बदलली तरच बोलायचं. पासवरून फेल झाला तेव्हा एकदा, पुन्हा पास झाला तेव्हा एकदा, आणि बराच वेळ फेलच राहिला तर मधूनच एक आठवण. त्यासाठी आधीची अवस्था फाइलमध्ये लागते. ती टेम्पमध्ये ठेवू नका, मशीन रीस्टार्ट झाल्यावर बऱ्याच ठिकाणी ती जागा साफ होते. लिहितानाही आधी शेजारच्या फाइलमध्ये लिहून मग एमव्ही कमांडने तिचं नाव बदला. अर्धवट लिहिलेली फाइल वाचली गेली तर वीस जॉबचे वीस खोटे मेसेज जातील.

देवराई
तयार टूलबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. जेन्किन्सच्या डिक्लरेटिव्ह पाइपलाइनमध्ये (बिल्डच्या पायऱ्या लिहायची पद्धत) शेवटी पोस्ट ब्लॉक, म्हणजे पायऱ्या संपल्यावर चालणारा भाग, देता येतो. त्यात 'रिग्रेशन' (आधी पास, आता बिघडला) आणि 'फिक्स्ड' (आधी बिघडलेला, आता पास) अशा अटी आधीपासून आहेत, म्हणजे तिसरा_मजला म्हणतात तो 'बदललं तरच बोला' हा भाग फुकट मिळतो. मेसेज बिल्ड संपताच जातो, पाच मिनिटं थांबावं लागत नाही. रोजच्या खबरीसाठी मी हेच सुचवेन.

तरीही मी ही स्क्रिप्ट टाकून देणार नाही. पोस्ट ब्लॉक चालायला मुळात बिल्ड सुरू व्हावा लागतो. एजंट (बिल्ड चालवणारं मशीन) ऑफलाइन आहे आणि बिल्ड रांगेतच पडून आहे, पाइपलाइन लिहिलेल्या जेन्किन्सफाइलमध्येच सिंटॅक्सची चूक आहे, ट्रिगर कोणी बंद केला आहे, किंवा जेन्किन्सच खाली आहे, अशा वेळी आतून कोणीच बोलत नाही. बाहेरून बघणारी स्क्रिप्ट लागते ती इथे. तिला एकच प्रश्न शिकवा: या जॉबचा शेवटचा यशस्वी बिल्ड किती जुना आहे? 'लास्ट सक्सेसफुल बिल्ड'मध्ये टाइमस्टॅम्प असतो. तो मिलिसेकंदांत येतो, शेलची डेट कमांड सेकंद देते, तेव्हा १००० ने भागायला विसरू नका. रात्री चालणाऱ्या जॉबसाठी २६ तासांची मर्यादा ठेवली की एखादा दिवस चुकला तर सकाळीच कळतं.

वीस वेगळ्या विनंत्याही नकोत. जेन्किन्सच्या एपीआयला 'ट्री' हा पॅरामीटर देऊन सगळ्या जॉबची नावं, नंबर, निकाल आणि वेळ एका हाकेत मागवता येते. फक्त मल्टिब्रँच (दर ब्रँचला वेगळा बिल्ड असणारे) जॉब असतील तर वरच्या पातळीवर फोल्डर दिसतात, ब्रँच त्यांच्या आत असतात, तेवढं एक पाऊल खाली उतरावं लागतं.

आणि कुठे 'कलर' फील्ड वाचून निर्णय घेतला असेल तर तो काढायला सांगा. जेन्किन्स २०११ पर्यंत हडसन नावाने ओळखला जायचा, तेव्हापासून यशस्वी बिल्डचा रंग निळा. आता स्क्रीनवर हिरवी खूण दिसते पण एपीआय अजूनही 'ब्लू' पाठवतो, आणि बिल्ड चालू असला की मागे 'ॲनिमे' चिकटतं. स्क्रीन बघून हिरवा शोधणारी स्क्रिप्ट कधीच जुळणार नाही.

कोकणकडा
आमच्याकडे गिटहब ॲक्शन्स आहे. हेच सगळं लागू होतं का?

देवराई
@कोकणकडा, विचार तोच, नावं वेगळी. तिथे स्टेटस आणि कन्क्लूजन अशी दोन फील्ड आहेत. स्टेटस 'कम्प्लीटेड' होईपर्यंत कन्क्लूजन नल असतो. नंतर सक्सेस, फेल्युअर, कॅन्सल्ड, स्किप्ड, टाइम्ड आउट, न्यूट्रल वगैरे येतात. टोकनशिवाय तासाला ६० विनंत्या, तुमच्या टोकनने ५,०००. आधीच्या उत्तरातला ईटॅग (त्या उत्तराच्या आवृत्तीची खूण) परत पाठवलात आणि काही बदललं नसेल तर ३०४ येतो, टोकन असेल तर तो या मर्यादेत धरला जात नाही. वेगळं सांगितलं नाही तर यादी एका पानावर ३० नोंदींचीच येते, पुढची पानं मागवावी लागतात.

एक गोष्ट बऱ्याच स्क्रिप्टमध्ये सुटते. रन पुन्हा चालवला तर त्याचा आयडी तोच राहतो, फक्त अटेम्प्टचा आकडा वाढतो. 'हा आयडी पाहिला आहे' म्हणून सोडून दिलं तर दुसऱ्या वेळचा निकाल दिसतच नाही. आयडी आणि अटेम्प्ट दोन्ही लक्षात ठेवा. आणि लक्ष ठेवणारं काम गिटहबच्याच शेड्यूलवर ठेवत असाल तर सार्वजनिक रेपोत ६० दिवस काही हालचाल नसेल तर शेड्यूल आपोआप बंद होतं.

रात्रपाळी
पारिजातक, त्या मुलाला सांगण्याबद्दल. जॉबची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवली हे त्याने फार चांगलं केलं आहे, ते आधी लिहा. मग कमेंटचे दोन गट करा: हे झाल्याशिवाय मर्ज नाही, आणि हे नंतर केलं तरी चालेल. पहिल्या गटात टोकन, चालू बिल्ड, आणि 'माहीत नाही' अवस्था, एवढंच. शक्य तिथे प्रश्न विचारा: 'जेन्किन्स बंद असताना ही काय करेल, चालवून बघशील का?' स्वतः चालवून बघितल्यावर त्याला कळेल ते तुमच्या दहा कमेंटनी कळणार नाही.

टेस्टसाठी खऱ्या जेन्किन्समधून प्रत्येक निकालाचा एकेक जेसन उतरवून फाइलमध्ये ठेवायला सांगा. एक चालू बिल्डचा, एक रिकामी फाइल, एक लॉगिन पानाचं एचटीएमएल. मागवणं आणि निर्णय घेणं ही दोन वेगळी फंक्शन केली की या फाइल निर्णयाच्या फंक्शनला सरळ देता येतात.

पारिजातक
टोकन रद्द करून घेतलं. रोजच्या खबरी पोस्ट ब्लॉकमधून आणि स्क्रिप्टकडे 'किती जुना' व 'माहीत नाही', असं ठरवलं. मुलगा स्वतः उत्साहाने फाइल गोळा करतोय. त्याचा एक प्रश्न: अबॉर्टेड सोडून द्यायचा ना? माणसाने हाताने थांबवलेला बिल्ड म्हणजे बिघाड नव्हे.

तिसरा_मजला
सरसकट सोडू नका. पाइपलाइनमध्ये टाइमआउट स्टेप असेल तर वेळ संपल्यावर थांबलेला बिल्डही अबॉर्टेडच दिसतो, आणि अडकलेली टेस्ट नेमकी तिथे सापडते. माणसाने थांबवला असेल तर कन्सोल लॉगमध्ये त्याच्या युजरचं नाव येतं, टाइमआउटने थांबला असेल तर तसं लिहिलेलं असतं. लॉगचा शेवटचा भाग वाचून दोन्ही वेगळे करा. आणि ते जमेपर्यंत अबॉर्टेडचाही मेसेज जाऊ द्या.