दातांची मुळं उघडी पडलेले रुग्ण: कारण कसं ओळखायचं, कोणाला काय सांगायचं?

सातपुडा_पायथा
उपकेंद्रात तीस वर्षांपुढच्यांची बीपी, शुगर आणि तोंड तपासणी असते. तोंड उघडलं की हिरडी मागे सरकलेली आणि दाताचं पिवळं मूळ बाहेर, हे इतक्यांदा दिसतं की नुसती नोंद करून पुढे जाणं बरोबर वाटत नाही. यावल तालुक्यातले तीन नमुने देतो.

पंचेचाळिशीची बाई, दिवसातून तीनदा मशेरी. खालचे पुढचे चार दात उघडे, मागच्या बाजूने किटण भरपूर, दात किंचित हलतात. दुसरा पस्तिशीतला शिक्षक. तोंड स्वच्छ, रक्त नाही, पण वरच्या डाव्या सुळ्याचं मूळ ३ मिमी उघडं आणि हिरडीलगत कुऱ्हाडीचा घाव घातल्यासारखी खाच. माठाचं पाणीसुद्धा दाताला लागतं. तिसरे सत्तरीचे बाबा. जवळजवळ सगळी मुळं उघडी, दोन दातांच्या मुळाशी तपकिरी, मऊ कीड.

नुसतं बघून कारण कळतं का? हिरडी परत येते का? कोणाला उपजिल्हा रुग्णालयात पाठवायचं आणि कोणाला धुळ्याच्या डेंटल कॉलेजला? "दात साफ करून घ्या" म्हटलं की उत्तर ठरलेलं: साफ केल्याने दात हलायला लागतात.

पेरिओ_धुळे
तिघांचे आजार वेगळे आहेत आणि बघून बरंच कळतं. फक्त उघड्या मुळाकडे बघत बसू नका, शेजारच्या दोन दातांमधलं हिरडीचं त्रिकोणी टोक बघा. सगळी मेख तिथे आहे.

शिक्षकाचं टोक शाबूत असणार. म्हणजे दोन दातांमधलं हाड जागेवर आहे, फक्त बाहेरच्या अंगाने हिरडी सरकली आहे. हे जोरात, आडवं घासण्याचं लक्षण. सुळा जबड्याच्या वळणावर असतो, त्याचं मूळ बाहेर फुगलेलं आणि त्यावरचं हाड मुळात पातळ, कधी कधी तर नसतंच. उजव्या हाताने घासणारा बहुधा डाव्या बाजूला जास्त जोर लावतो, म्हणून घाव डावीकडे. डावखुऱ्या माणसात उलटं सापडतं, विचारून बघा.

बाईंच्या बाबतीत टोकंही खाली गेली असतील आणि दातांमध्ये काळे त्रिकोण दिसत असतील. याचा अर्थ हाड गेलंय, हा पायोरिया आहे. खालच्या पुढच्या दातांमागे लाळग्रंथीची तोंडं उघडतात, म्हणून किटण तिथे सगळ्यात आधी आणि सगळ्यात जाड साचतं. ओठ पुढे ओढून बघा: ओढल्यावर हिरडीची कड पांढरी पडून हलली, तर ओठाची दोरी (ओठाला आतून हिरडीशी जोडणारी पट्टी) हिरडीच्या कडेपर्यंत आलेली आहे. तिथे ब्रश नीट पोचत नाही आणि हिरडी आणखी सरकते.

आम्ही प्रोबने (मिमीच्या खुणा असलेल्या बारीक सळईने) दोन मापं घेतो. दाताच्या मानेपासून, म्हणजे मूळ सुरू होतं तिथपासून, हिरडीच्या कडेपर्यंत किती मिमी उघडं, आणि कडेपासून आत किती खोल जातं. आतली खोली ३ मिमीपर्यंत ठीक. दोन्हींची बेरीज म्हणजे दाताने गमावलेला आधार. ३ मिमी उघडं आणि आत १ असलेला शिक्षक सुखात आहे. २ मिमी उघडं आणि आत ६ असेल, तर तो दात संकटात आहे, दिसायला मात्र बरा दिसतो.

आणखी तपासा: रांगेबाहेर आलेला दात, हिरडीत घुसलेली कॅपची कड, आणि बाजारच्या दिवशी रस्त्यावर बसवून मिळणारे, शेजारच्या दातांना चिकटवून टाकलेले प्लास्टिकचे दात. या शेवटच्या प्रकाराखालची हिरडी कुजलेली नसली तरच आश्चर्य.

गिरणाकाठ
घासण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण सल्ला इथेच फसतो.

दाताच्या वरच्या भागावर एनॅमलचं टणक कवच असतं, मुळावर नसतं. मुळावरचं सिमेंटमचं आवरण मानेजवळ कागदासारखं पातळ, ते गेलं की थेट डेंटिन, म्हणजे दाताचा आतला, कमी टणक थर. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू, राखुंडी, विटेची पूड, मीठ-कोळसा, लाल मंजन: एनॅमल हे वर्षानुवर्षं सोसतं, मूळ सोसत नाही. बोटाने लावलं म्हणून खरखर कमी होत नाही. झिजवते ती मुख्यतः पूड, नुसता मऊ ब्रश फारसा झिजवत नाही. म्हणून काळी कोळशाची पेस्ट आणि दात पांढरे करणारी पेस्टही या लोकांना नको.

ब्रश सॉफ्ट. पेनासारखा धरायला सांगा, मुठीत धरला की जोर आपोआप येतो. केस हिरडीच्या कडेला ४५ अंशात टेकवायचे, दोन-दोन दातांवर जागच्या जागी दहाएक वेळा हलकं थरथरवायचं, मग चावण्याच्या बाजूकडे फिरवून झटकायचं. वरचे दात वरून खाली, खालचे खालून वर. सकाळी आणि झोपताना, दोन-दोन मिनिटं. ब्रश महिन्याच्या आत झाडूसारखा फुलला तर जोर जास्त आहे, एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

पेस्ट फ्लोराइडची, आपल्याकडे कमाल १००० पीपीएम मिळते. मटारच्या दाण्याएवढी. घासून थुंकायचं, भराभर चुळा भरायच्या नाहीत, नाहीतर फ्लोराइड वाहून जातं. लिंबू सरबत, कैरी, चिंच खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरून अर्धा तास थांबायचं, मग ब्रश. आंबट लागल्यावर पृष्ठभाग काही वेळ मऊ असतो.

कडुलिंबाची काडी? टोक चावून खरोखर मऊ केलं आणि उभी फिरवली तर चालते. पण दोन दातांमधे जात नाही आणि फ्लोराइड नाही. बाभळीच्या काडीचंही तेच.

केळीपट्टा_रावेर
मेडिकलवर हिरडी वाढवणारं जेल मिळतं, ते लावून येते का? आणि ठणका असला की आमच्याकडे लवंग तेलाचा बोळा ठेवतात.

गिरणाकाठ
भाऊ, नाही येत. सरकलेली हिरडी कुठल्याही जेलने, तेलाने, मालिशने परत वर चढत नाही. सूज उतरून हिरडी घट्ट झाली की बरं वाटतं, त्यालाच "वाढली" म्हणतात. लवंग तेल दाताच्या खड्ड्यात थोडा वेळ ठणका दाबतं, पण उघड्या हिरडीवर नुसतं ठेवलं तर कातडी भाजते, पांढरा चट्टा पडतो. आणि तो चट्टा तपासणाऱ्याला फसवतो.

शिवशिव वेगळी, ठणका वेगळा. डेंटिनमध्ये सूक्ष्म नळ्या असतात. गार लागलं की त्यातलं द्रव हलतं आणि आतली नस कळवळते. गार काढताच कळ थांबली तर ती शिवशिव. गार काढूनही मिनिटभर राहिली, गरमाने वाढली किंवा रात्री उठवू लागली, तर नसेपर्यंत गेलंय. तिथे पेस्ट देऊन वेळ घालवू नका.

शिवशिवीवर ५% पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट, रोज दोनदा. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. लोक तिसऱ्या दिवशी सोडतात आणि "काही उपयोग नाही" म्हणतात. रात्री ब्रश झाल्यावर बोटाने थोडी पेस्ट त्या जागेवर चोळून तशीच ठेवली तर जास्त चांगलं. महिन्यात फरक नाही पडला, तर दवाखान्यात ५% सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश लावतात.

पेरिओ_धुळे
आता साफसफाईचं. "दात हलतात" हा समज अगदी निराधार नाही, म्हणून तो टिकतो. किटणाने दातांना एकमेकांत जखडलेलं असतं, सुजलेली हिरडी मूळ झाकत असते. किटण काढलं, सूज उतरली की मुळं उघडी दिसतात, फटी दिसतात, काही आठवडे गार लागतं. हाड आधीच गेलेलं होतं, फक्त आता दिसलं. हे साफ करायच्या आधी सांगा. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

बाईंना उपजिल्हा रुग्णालयाच्या दंतविभागात पाठवा. किटण, मग तीन महिन्यांनी परत. शुगर तपासलेली असू द्या, साखर चढी असेल तर हिरडी भरून येत नाही. मशेरी जिथे लावतात तिथला पांढरा, पुसून न जाणारा चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, किंवा तोंडात तीन बोटं उभी न मावणं: यातलं काही असलं तर मुळं राहू द्या बाजूला, आधी त्यासाठी पाठवा.

विडी ओढणाऱ्यात एक फसवणूक असते: निकोटीनने रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हिरडीतून रक्त कमी येतं. रक्त नाही म्हणजे हिरडी चांगली, असं समजू नका.

शिक्षकाला धुळ्याला पाठवा, पण आधी दोन-तीन महिने ब्रश सुधारू द्या. घासणं तेच राहिलं तर शस्त्रक्रिया वाया जाते. ३ मिमी मूळ, टोकं शाबूत, म्हणजे पूर्ण झाकलं जाण्याची संधी चांगली. जागा बधिर करून टाळूतून दीड मिमीपर्यंत जाडीचा आतला थर घेतात, मुळावर ठेवतात आणि शेजारची हिरडी ओढून त्यावर शिवतात. टाके १० ते १४ दिवसांनी. तिथे दोन-तीन आठवडे ब्रश नाही. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते ओठ उचलून आरशात बघण्याने: टाका ताणतो, बसवलेला थर सरकतो. मूळ पूर्ण झाकलं की नाही हे सहा महिन्यांनी ठरतं. खाच खोल असेल तर आधी भरायची की हिरडी आधी, हे तपासून ठरवतात. टोकं अर्धी गेलेली असतील तर मूळ अर्धवटच झाकलं जातं, आणि बाईंसारखं हाड गेलं असेल तर झाकण्याची आशा देऊ नका. तिथे दात टिकवणं एवढंच काम.

बाबांची गोष्ट निराळी. एनॅमल साधारण ५.५ पीएचला (आंबटपणाचं माप, आकडा कमी तेवढं आंबट जास्त) विरघळू लागतं, मूळ ६ च्या वरच, म्हणून गोड चहाचे वारंवार घोट आणि गालात धरलेली गोड गोळी त्यांना महाग पडते. बीपीच्या काही गोळ्यांनी लाळही आटते. मऊ कीड थांबवायला ३८% सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावतात. ती जागा काळी पडते, घरच्यांना आधी सांगा. मग ग्लास आयोनोमर (दात भरायचं एक सिमेंट) भरतात, ते ओलसर मुळालाही चिकटतं आणि फ्लोराइड सोडत राहतं.

सातपुडा_पायथा
मशेरी सोडायला सांगितली की "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" हे पहिलं उत्तर. त्यावर काय म्हणता?

गिरणाकाठ
ते खोटं बोलत नाहीत. निकोटीन आतड्याची हालचाल वाढवतं, सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ राहतो. तो तात्पुरता आहे हे आधीच सांगा. सकाळी कोमट पाणी, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, आणि लागलं तर इसबगोल. एकदम नाही जमलं तर दिवसातून तीनची दोन, मग एक, तारीख ठरवून. तंबाखू सोडण्याची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन १८००-११-२३५६ आहे, फोन लावून द्या, नुसता नंबर देऊ नका.

केळीपट्टा_रावेर
चूळ भरायचं औषध द्यायचं का मग सगळ्यांना?

पेरिओ_धुळे
सगळ्यांना नाही. ०.२% क्लोरहेक्सिडिन, १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, दोन आठवड्यांच्या वर नाही. पेस्टनंतर लगेच घेतलं तर पेस्टमधला फेस करणारा पदार्थ त्याचा जोर मारतो, म्हणून अर्धा तास अंतर. उघड्या मुळांवर चहाबरोबर तपकिरी डाग हमखास पडतात, आणि किटण तसंच राहतं.