मदत हवी आहे: निळा रंग फासलेली जुनी फ्रेंच रेसिंग सायकल, कंपनी आणि साल कसं ओळखायचं?

ल्याँकर

नमस्कार मंडळी. इथे ल्याँच्या जुन्या बाजारात घेतलेली एक फ्रेंच रेसिंग सायकल समोर उभी आहे. आधीच्या कुणीतरी ब्रशने निळा रंग फासलाय, त्यामुळे एकही अक्षर शिल्लक नाही. पुढच्या डोक्याच्या नळीवरचा बिल्ला गेलाय, दोन भोकं तेवढी उरलीत. विकणारा "प्यूजो पीएक्स-१०" (प्यूजो कंपनीचं रेसिंग मॉडेल) म्हणत होता.

जे दिसतं ते असं: नळ्यांच्या सांध्यांवर नक्षीदार लग. ब्रेक माफाक कंपनीचे. क्रँक ॲल्युमिनियमचा, पाच हातांचा, त्यावर स्ट्राँगलाइट हे कंपनीचं नाव. मागचा डिरेलर (गिअर बदलणारी यंत्रणा) सिम्प्लेक्स कंपनीचा, काळ्या प्लास्टिकचा. मागचं चाक बसवताना ते धरणारा फ्रेमचा चिमटा दोन्ही हातांनी फाकवावा लागतो. स्टेमवर (हँडल धरणाऱ्या तुकड्यावर) आवा हे कंपनीचं नाव लिहिलंय.

प्रश्न तीन. ही खरंच पीएक्स-१० आहे का? साल कोणतं? आणि बीबीमध्ये (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा ॲक्सल फिरतो ते खोकं) किरकिर आहे, तर क्रँक काढायला नेहमीचा पुलर चालेल का?

कॉटरपिन

तिसऱ्याचं उत्तर आधी, कारण नुकसान तिथेच होतं. नेहमीचा पुलर अजिबात लावू नका.

आजकालचे पुलर २२ मिमी आट्यांचे. जुन्या स्ट्राँगलाइट क्रँकचे आटे २३.३५ मिमी. २२ चा पुलर काहीही न पकडता सरळ आत सरकतो, तेव्हा चूक निदान लगेच कळते. खरा घात करतो टीए कंपनीचा २३ मिमीचा पुलर. तो दोन-तीन आटे वरवर धरतो, हाताला घट्ट लागतो, आणि पान्याचा जोर दिला की ॲल्युमिनियमचे आटे स्प्रिंगसारखे सोलून बाहेर येतात. त्यानंतर तो क्रँक काढायला हातोडाच उरतो.

स्ट्राँगलाइटचाच पुलर मागवा, २३.३५ असं लिहून विचारून. आधी टोपण काढा, मग बोल्ट. बोल्टचं डोकं बहुधा १६ मिमीचं असतं आणि पातळ भिंतीचा सॉकेट लागतो, जाड सॉकेट भोकात शिरत नाही. बोल्टमागचा वायसर आत चिकटून राहिला असेल तर तोही काढा, नाहीतर पुलरचा दांडा ॲक्सलऐवजी वायसरवर टेकतो. पुलर हाताने शेवटपर्यंत आत गेला पाहिजे. अर्ध्यावर अडला तर मागे घ्या, आटे साफ करा, पुन्हा लावा.

तिरपी नळी

पहिल्या दोन प्रश्नांकडे येऊ. रंग, बिल्ला, विकणाऱ्याचं बोलणं, तिन्ही बाजूला ठेवा. इंटरनेटवर विकायला येणारी प्रत्येक पांढरी प्यूजो "मर्क्सवाली" असते. बेल्जियन सायकलपटू एडी मर्क्स प्यूजोच्या संघात होता १९६६ आणि १९६७ एवढाच.

व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि या चार गोष्टी मोजा.

१) सीट पोस्टचा व्यास. पोस्टवर आकडा कोरलेला असतो, तरी मोजाच, कारण चुकीचा पोस्ट ठोकून बसवलेला असू शकतो. फ्रेंच सीट नळी बाहेरून २८ मिमी, इंग्लिश २८.६. रेनॉल्ड्स ५३१ (हलक्या सायकलींचं पोलाद) च्या पातळ भिंतीच्या मेट्रिक नळीत साधारण २६.४ चा पोस्ट जातो. २४ निघाला तर नळी जाड आणि साधी. म्हणजे बहुधा प्यूजोच्याच स्वस्त यूओ-८ च्या वर्गातली सायकल. ती दिसायला पीएक्स-१० ची धाकटी बहीण, पण वजन १३ किलोच्या आसपास आणि क्रँक आपल्याकडच्या काळ्या रोडस्टरसारखा, कॉटर ठोकलेला. पीएक्स-१० दहा किलोच्या आसपास भरते.

२) मागचं चाक काढून मागच्या चिमट्याच्या आतल्या अंतराचं माप. पाच गिअरच्या काळात १२० मिमी, सहा गिअर आल्यावर १२६. चाकाचं माप वेगळं घ्या, एका लॉकनटच्या बाहेरून दुसऱ्याच्या बाहेरपर्यंत. दोन्ही जुळत नसतील तर चाक नंतरचं.

३) क्रँकच्या शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधलं अंतर. पाच हातांच्या क्रँकला ते १.७ ने गुणलं की बोल्टवर्तुळाचा व्यास मिळतो. ७१.७ आलं तर १२२ मिमी, म्हणजे स्ट्राँगलाइट ९३ चं घराणं. ५०.५ आलं तर ८६ मिमी, तो क्रँक वेगळा.

४) डिरेलर अडकवायचं भोक. सिम्प्लेक्सच्या चिमट्याच्या टोकाला ते गुळगुळीत असतं, आटे नसतात. आटे दिसले तर कुणीतरी मागाहून टॅप मारलाय, किंवा टोकच वेगळ्या कंपनीचं आहे. गुळगुळीत असेल तर कृपया तसंच ठेवा.

आता सावधान. हे सगळं जुळलं तरी प्यूजो सिद्ध होत नाही. जितान या दुसऱ्या फ्रेंच कंपनीची "टूर द फ्रान्स" हीदेखील ५३१ ची, सिम्प्लेक्सच्या टोकांची, स्ट्राँगलाइट आणि माफाक लावलेली. त्या काळात फ्रेंच कारखाने एकाच मंडईतून भाजी घ्यायचे म्हणा ना! कंपनी ठरवायला सायकल उलटी करा आणि बीबीच्या खोक्याखाली बघा. सत्तरच्या दशकातल्या प्यूजोला तिथे नंबराची छोटी ॲल्युमिनियमची पट्टी पिनांनी ठोकलेली असते. निळ्या रंगाखाली ती फक्त उंचवट्यासारखी जाणवेल. सात आकडी नंबर असेल तर पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा धरतात.

रंग खरवडताना पॉलिश पेपर नको, खाली मूळ स्टिकर असू शकतात. कापसाच्या बोळ्यावर थोडं थिनर घेऊन खोक्याखाली, जिथे दिसत नाही तिथे, आधी करून बघा. ब्रशचा रंग सुटतो. भट्टीत भाजलेला मूळ रंग सहसा टिकतो.

फ्रीव्हील

सालाबद्दल थोडी भर. भाग बघून साल काढताना एक नियम पाळावा: सर्वात नवा *मूळ* भाग साल ठरवतो, सर्वात जुना नाही. सिम्प्लेक्सचा डेलरिन प्लास्टिकचा प्रेस्टीज डिरेलर १९६२ पासूनचा आणि पुढे बरीच वर्षं चालला. त्याच्यावरून "६२ ची सायकल" म्हणणं म्हणजे रेशनकार्डावरून जन्मसाल काढणं.

माफाक ब्रेकच्या हातांवर कोणतं मॉडेल कोरलंय ते वाचा. रेसर जुना. काँपिटिशन साठचं दशक संपता संपता आला.

फ्रेमवर बाटलीच्या स्टँडसाठी आणि केबलसाठी डाग देऊन (धातूने झाळून) पक्के केलेले खुंट आहेत का, की केबल वरच्या नळीवर पत्र्याच्या क्लिपांनी धरली आहे? नुसत्या क्लिपा असतील तर सायकल जुनी. आणि त्या क्लिपा सोडवल्यात तर मूळ रंग तिथेच सापडेल.

ल्याँकर

सर्वांचे आभार. मोजमापं:

सीट पोस्ट २६.४. चिमटा १२०, चाक १२६. बोल्टांमधलं अंतर जवळपास ७२. डिरेलरचं भोक गुळगुळीत. ब्रेकवर काँपिटिशन. केबल तीन क्लिपांनी धरलेली, खुंट एकही नाही. मधल्या क्लिपेखाली पांढरा रंग निघाला. बीबीखाली पट्टी आहे, सात आकडे, पहिला २. पेडलवर डी आणि जी कोरलंय.

म्हणजे १९७२ की १९८२?

तिरपी नळी

१९७२. ८२ ला एकही खुंट नसलेली एवढी उघडी फ्रेम, १२० चा चिमटा आणि नक्षीदार नेर्वेक्स (लग बनवणारी कंपनी) लग एकत्र मिळणार नाहीत. पट्टी, २६.४, पांढरा रंग, ९३ क्रँक आणि काँपिटिशन हे सगळं एका दिशेला बोट दाखवतंय. पीएक्स-१० म्हणायला हरकत नाही. पुढच्या दोन चकत्या मोजा, ५२ आणि ४५ दात असतील तर त्याही मूळच्या.

चाक मात्र नंतरचं, सहा गिअरवालं. दोन्ही बाजूंना तीन-तीन मिमी ताणून ५३१ तुटत नाही, पण चिमट्याची टोकं समांतर राहत नाहीत आणि ॲक्सल वाकतो. शक्य तर १२० चं चाक शोधा. मूळचं बहुधा नॉर्मंडी कंपनीच्या मोठ्या कडांच्या हबवर होतं. हब फ्रेंच निघाला तर फ्रीव्हीलचे आटे ३४.७ × १ मिमी. इंग्लिश फ्रीव्हील ३४.८ चा, तो त्यावर दोन फेरे ढिला चढतो आणि पहिल्या चढावर हबचे आटे खाऊन टाकतो.

कॉटरपिन

चालवण्याआधी आवाचा स्टेम बदला. यावर वाद नको. त्याच्या खालच्या टोकाला उभी चीर कापलेली असते, पाचर आवळली की ताण त्या चिरेच्या वरच्या टोकाशी जमतो आणि तिथून धातू तडकतो. तडा डोक्याच्या नळीत लपलेला असतो, बाहेरून काहीच दिसत नाही. हँडल हातात येतं तेव्हा कळतं.

नवा स्टेम २२.० मिमीचा हवा. बाजारातला २२.२ जात नाही, ठोकू नका. ॲल्युमिनियमचा असेल तर आत जाणारा भाग पॉलिश पेपरने गोल फिरवत ०.२ मिमी उतरवता येतो, पण दर मिनिटाला कॅलिपर लावा. हँडलची पकड जुन्या फ्रेंच दांड्याला २५.० असते, २५.४ च्या स्टेममध्ये तो दांडा फिरतो.

बीबीचे आटे ३५ × १ मिमी. फ्रेंच पद्धतीचा असेल तर दोन्ही कप (छरे बसतात त्या वाट्या) सरळ आट्याचे, म्हणजे चेनच्या बाजूचा फिक्स्ड कपही घड्याळाच्या उलट फिरवून सुटतो. स्विस पद्धतीचा असेल तर तोच कप घड्याळाच्या दिशेने सुटतो, आणि मोटोबेकान या फ्रेंच कंपनीच्या सायकलींमध्ये स्विस बरेच सापडतात. प्यूजो ७२ ची असल्याने फ्रेंच धरा. पण किरकिरीसाठी फिक्स्ड कप काढायची गरजच नाही. डावा कप काढा, ॲक्सल बाहेर घ्या, फिक्स्ड कप आतच ठेवून फडक्याने पुसा, बॅटरी मारून खड्डे आहेत का बघा. नसतील तर पाव इंची छरे दोन्हीकडे अकरा-अकरा आणि भरपूर ग्रीस. जुने छरे परत घालू नका.

फ्रेंच फिक्स्ड कप चालवताना आपोआप ढिला होत जातो, कारण त्याचा आटा सुटण्याच्या दिशेचा. महिन्याभराने एकदा हाताने हलवून बघा.

पेडलवरचं डी म्हणजे उजवं, जी म्हणजे डावं. आटे १४ × १.२५ मिमी. हल्लीचं पेडल ९/१६ इंची, थोडं जाड. ते जबरदस्तीने घातलं तर क्रँक फुटू शकतो. आहेत तीच ठेवा, किंवा क्रँकला दुकानातून ९/१६ चा टॅप मारून घ्या.

फ्रीव्हील

पुढचा डिरेलर आवळताना हलका हात ठेवा. सिम्प्लेक्सचा असेल तर त्याचा प्लास्टिकचा पट्टा एका जास्तीच्या फेऱ्याने चिरतो. बदली म्हणून २८.६ चा इंग्लिश क्लँप लावलात तर तो २८ च्या नळीवर घसरेल, कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून एक वेढा आत द्या.