प्रतिसाद: ब्रेक्झिटचा कौल आणि उत्तर आयर्लंड

ब्रेक्झिटबद्दल, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याबद्दल, 'बहुमताने कौल दिला, मग एवढा गदारोळ कशाला?' असं एकाने विचारलंय. पण २३ जून २०१६च्या मतपत्रिकेवर संघात राहायचं की बाहेर पडायचं, एवढंच होतं. जकात संघ (सदस्य देशांत आपसात जकात नाही, बाहेरच्यांना एकसारखी), सामायिक बाजारपेठ (माल, सेवा, माणसांना मुक्त वाट) यांबद्दल अवाक्षर नव्हतं. खरं भांडण तिथून सुरू झालं.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते उत्तर आयर्लंडचं. तिथे जवळपास ५६ टक्के मतं राहण्याच्या बाजूने पडली होती. १९९८च्या शांतता करारानंतर दिसेनाशी झालेली, युरोपीय संघात राहिलेल्या आयर्लंडबरोबरची सीमा पुन्हा उभी करणं धोक्याचं होतं, म्हणून मालाची तपासणी ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडमधल्या समुद्रावर ढकलली. मग ब्रिटनमधून आपल्याच देशाच्या दुसऱ्या भागात जाणाऱ्या मालाला कागदपत्रं लागू लागली! युनियनवादी, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलं राहू इच्छिणारे, उगाच नाही चिडले. त्यांच्या डीयूपी या पक्षाच्या बहिष्कारामुळे बेलफास्टमधलं उत्तर आयर्लंडचं सरकार फेब्रुवारी २०२२पासून दोन वर्षं ठप्प होतं.